राजहंसांची डिस्क

१

कासारवाडीच्या गल्लीतलं ज्योतीराम ढवळेचं दुकान म्हणजे म्हाताऱ्या कॉम्प्युटरांचा दवाखाना होता. नवे लॅपटॉपवाले त्याच्याकडे फिरकत नसत आणि त्याचं त्यालाही काही वाटत नसे. माळ्यावर टाकलेले, जुन्या चादरीत गुंडाळलेले, साफसफाईत सापडलेले डबे त्याच्याकडे येत. तो ब्लोअरने धूळ उडवायचा, रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या कडा शाळकरी खोडरबराने घासायचा, आणि निम्मे डबे तेवढ्यावरच उठून बसायचे. हे खोडरबराचं गुपित मात्र तो कुणाला कळू देत नसे. गिऱ्हाईक आलं की खोडरबर खिशात आणि हातात मोठा स्क्रूड्रायव्हर.

ऐन नवरात्रात त्याला पिंपळे सौदागरहून फोन आला. शैला राजहंस, निवृत्त शिक्षिका, मोठ्या सोसायटीतला फ्लॅट. त्यांनी त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात क्रोशाचं झाकण घातलेला कॉम्प्युटर उभा होता.

"मला कॉम्प्युटर नकोय," त्या म्हणाल्या. "त्यातला ह्यांचा आवाज तेवढा काढून द्या."

'हे' बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. प्रभाकर राजहंस. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस. घशाच्या कॅन्सरात त्यांची स्वरपेटी काढली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गळ्याशी श्वासापुरतं भोक आणि त्यावर स्वच्छ पांढरा रुमाल. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचे. ऑपरेशनच्या आधी शैलाकाकूंनी त्यांना दटावून या कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं आणि माईक लावून रोज संध्याकाळी काहीबाही बोलायला लावलं होतं. ऑपरेशन झालं, पण ते ऐकायची हिंमत दोघांनाही झाली नाही. मग एक दिवस कॉम्प्युटरच बंद पडला.

"आमची ऋता दिवाळीला येतेय, लेकीला घेऊन," काकू म्हणाल्या. "नातीनं परवा फोनवर विचारलं, आजोबांचा आवाज कसा होता गं? मी सांगायला गेले आणि मला आठवेचना हो. त्यांचं चिडणं आठवतं, शब्दसुद्धा आठवतात. आवाज नाही आठवत. मी रात्रभर डोकं धरून बसले होते."

ज्योतीरामला गलबलून आलं. गावाकडून, औशाहून, इकडे आल्यावर त्याची आई गेली होती, आणि तिचाही आवाज त्याच्याकडे कुठे साठवलेला नव्हता. तो म्हणाला, "काकू, जिवाचं रान करतो." असं तो गिऱ्हाइकाला सहसा म्हणत नसे, कारण मग करावं लागतं.

२

दुकानात त्याने कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण काढलं आणि हसूच आलं. आत तांदूळ होते. लाल झालेल्या अक्षता, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, आणि मदरबोर्डवर हळदीकुंकवाचा थर. दर खंडेनवमीला काकांनी कॉम्प्युटरची यथासांग पूजा केलेली दिसत होती, आणि अक्षता टाकताना हात सैल सोडलेला होता. जाळीतून आत गेलेले तांदूळ पंख्याच्या पात्यांत अडकले, पंखा थांबला, बोर्ड तापला आणि मेला. आपल्याकडे यंत्र देवभक्तीनेही मरतं, एवढंच.

बोर्ड गेला म्हणून काही बिघडत नव्हतं. आवाज होता हार्ड डिस्कमध्ये. ज्योतीराम वाकून तिचे स्क्रू काढत होता, तेवढ्यात मागे कुणीतरी घसा खाकरला. आधी दोनदा थोडंसं, मग एकदा लांबलचक. दुकानदाराचं लक्ष नसलं की भिडस्त माणूस खाकरतो ना, अगदी तसं.

"बसा, आलोच," तो मान वर न करता म्हणाला.

गिऱ्हाइकासाठी त्याच्याकडे रेक्झिनच्या गादीचं एक स्टूल होतं. कुणी बसलं की गादीच्या फाटक्या शिवणीतून हवा जायची आणि फुस्स असा आवाज व्हायचा. तो आवाजही झाला. ज्योतीरामने शेवटचा स्क्रू काढला, बशीत ठेवला आणि वळला.

स्टुलावर कुणी नव्हतं. गल्लीत ऊन पडलं होतं आणि पिठाच्या गिरणीपुढे एक कुत्रं झोपलं होतं.

३

ज्योतीराम भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. ज्याला रोज लोक 'कॉम्प्युटर आपोआप बंद होतो' म्हणून सांगतात, त्याला आपोआप काही होत नाही हे चांगलं ठाऊक असतं. त्याने स्वतःची समजूत घातली. शेजारी दौलतरावांचा लेथ, पलीकडे गिरणी, वरच्या मजल्यावर झेरॉक्सवाला. सगळी जुनी इमारत एकमेकांचे आवाज ऐकत जगत होती. कुणीतरी खाकरलं असेल.

दुपारी तो जेवणाचा डबा उघडून बसला आणि पुन्हा तेच. दोनदा थोडं, एकदा लांब. या वेळी आवाज टेबलाकडून आला होता.

टेबलावर राजहंसांचं कॅबिनेट आडवं पडलं होतं. ना वायर, ना स्पीकर. त्याने घास तसाच ठेवला, कॅबिनेट उचलून दुकानाच्या मागच्या फळीवर नेऊन ठेवलं आणि परत येऊन जेवायला बसला. भाकरीचा तुकडा मोडतो न मोडतो तोच खाकरणं आलं. टेबलावरून.

टेबलावर आता फक्त डिस्क होती, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेली, तळहातापेक्षा जराशी मोठी.

डिस्क फिरताना करकरते, टकटकते, कधी शिट्टीही मारते. पण त्यासाठी तिला वीज लागते. ज्योतीरामने ती उचलून कानाशी धरली. थंड लोखंड. आत अगदी शांत होतं. पण ही शांतता त्याच्या ओळखीची नव्हती. फोनवर पलीकडचा माणूस बोलायचा थांबलेला असतो पण त्याने फोन ठेवलेला नसतो, तसं काहीतरी. त्याने डिस्क चटकन खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. जेवण तसंच राहिलं.

४

दुसऱ्या दिवशी तो राजहंसांकडे गेला. कारण सांगायला कारण होतं: रेकॉर्डिंग कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते विचारायचं होतं. खरं कारण त्याचं त्याला ठाऊक.

आधी त्याने हसत हसत तांदळाची गोष्ट काढली. काका लाजले, आणि पाटीवर त्यांनी एकच शब्द लिहिला: 'चुकलो'.

"चुकलो कसले!" काकू म्हणाल्या. "खंडेनवमीला ह्यांनी आयुष्यात मला मिक्सर लावू दिला नाही. त्या दिवशी यंत्राला विश्रांती म्हणजे विश्रांती. एकदा टूलरूममध्ये कुणीतरी घाईचं काम म्हणून मशीन सुरू केलं, तर ह्यांनी असा आवाज दिला म्हणे, की त्याचा हात आपोआप स्विचवर गेला."

काकांनी हात हलवून 'सोड ते' केलं. ज्योतीरामने चहा संपवला. मग धीर करून म्हणाला, "काकू, एक विचारू? काका बोलायच्या आधी असं काही करायचे का?"

आणि त्याने घसा खाकरून दाखवला. दोनदा थोडं, एकदा लांब.

काकूंच्या हातातली बशी हातातच राहिली. काकांनी पेपर खाली ठेवला आणि त्यांचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला.

"हे कुठे ऐकलंत तुम्ही?" काकू पुटपुटल्या. "हे... अगदी हेच. जिन्यात ऐकू आलं की मी दार उघडायची. मी विसरलेच होते हे. रेकॉर्डिंग उघडली का?"

"नाही काकू. अजून एकही फाईल उघडली नाही. डिस्क सुरूच केलेली नाही मी."

काकांचा श्वास रुमालामागे तेवढा ऐकू येत होता. या माणसाला आता खाकरताही येत नव्हतं. त्यांचा श्वास घशातून जातच नव्हता. त्यांनी पाटी घेतली, खडू टेकवला, बराच वेळ धरला आणि काही न लिहिता ठेवून दिला.

ज्योतीरामने खाली येऊन स्कूटरला किक मारली. काकांचा आवाज त्यांच्या गळ्यातून काढला, हे खरं. पण मग तो गेला कुठे, हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता, आणि आता पडला तो भर रहदारीत.

५

काम सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण दिवाळी जवळ आली होती, आणि काकूंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पहिल्यांदा नुसती टकटकली. थंड करून, उलटी धरून, पुन्हा जोडून, शेवटी एकदाची फिरली. ज्योतीरामने देवाच्या फोटोकडे बघून कान पकडले आणि सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली.

अशा कामात त्याचा एक नियम होता. मरायला टेकलेली डिस्क एकदा फिरली की मध्येच थांबवायची नाही. थांबवली की पुन्हा फिरेलच याची हमी नसते. ही तर गोगलगाईच्या चालीने वाचली जात होती. त्याने ती तशीच चालू ठेवून शटर लावलं आणि घरी गेला.

सकाळी शटर वर केलं तर काम चालूच होतं. बरंचसं उतरलं होतं. फक्त रेकॉर्डिंगचा फोल्डर राहिला होता, तो नेमका शेवटाला. डिस्क फिरायला लागल्यापासून खाकरणं एकदाही ऐकू आलं नव्हतं. ज्योतीरामला हायसं वाटलं.

तेवढ्यात दौलतराव आले. नवी टोपी, हातात झेंडूच्या माळांची टोपली. कासारवाडीचे मूळचे रहिवासी, आणि सगळ्या इमारतीची पूजा ही आपलीच जबाबदारी असं त्यांनी ठरवून टाकलेलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. लेथ धुऊनपुसून, हार घालून बसला होता. गिरणीही बंद. गल्ली इतकी शांत कधीच नसायची.

"आरं, ह्ये काय? चालू ठिवलंय व्हय?" दौलतराव कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले. "आज यंत्राला हात लावायचा न्हाई. माझा लेथ बी झोपलाय."

"दौलतराव, बंद नाही करता येत. मरायलीय ती. आता फिरायलीय तर फिरू द्या."

"तुजी मर्जी. पर बरं न्हाई ह्ये." त्यांनी त्याच्या स्क्रूड्रायव्हरांना कुंकू लावलं, हातावर पेढा ठेवला आणि जिन्याखाली गेले. सगळ्या इमारतीचे मीटर आणि मेन स्विच तिथे एकाच फळीवर होते. बादलीत बुडवून ताज्या ठेवलेल्या माळांतली एक, पाणी ठिबकत असलेली, दौलतरावांनी भक्तिभावाने त्या फळीवर चढवली. वीज म्हणजे तर साक्षात देवीच, मग तिला हार नको?

६

ज्योतीरामने शटर अर्धं खाली ओढलं आणि टेबलापाशी बसला. दुकानात डिस्कच्या फिरण्याचा बारीक आवाज आणि पंख्याची घरघर, एवढंच. पडद्यावरची हिरवी पट्टी रेकॉर्डिंगच्या फोल्डरला भिडली होती.

मागे कुणीतरी खाकरलं. दोनदा थोडं.

तिसरं, लांबलचक खाकरणं अगदी पाठीशी आलं. मग स्टूल फुस्स करून दबलं.

त्याला वळता येईना. समोर दुसऱ्या कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला बंद मॉनिटर होता. त्याच्या काळ्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, खांद्यामागे शटरखालून आलेला उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात स्टूल. स्टुलावर कुणी नव्हतं. पण रेक्झिनची गादी मधोमध दबलेली होती, आणि दबलेलीच राहिली होती. बघता बघता ती पुढच्या कडेला अधिक दबली. बसलेला माणूस पुढे वाकतो तेव्हा दबते तशी.

ज्योतीरामच्या कानामागे गार हवा आली.

"बंद कर रे ते."

हळू नव्हे, भेसूर नव्हे. चढा, करडा, चिडलेला आवाज. शंभर माणसांच्या कारखान्यात मशीनच्या गोंगाटावर चढवायची सवय असलेला. ज्योतीरामच्या हाताने त्याला विचारलं नाही. हात सरळ भिंतीकडे गेला आणि कॉम्प्युटरची पिन बोर्डातून उपटून मोकळा झाला.

पडदा काळा झाला. डिस्क उसासा टाकल्यासारखी मंदावली आणि थांबली. मागे स्टुलाची गादी सावकाश पुन्हा फुगली.

ज्योतीराम पिन हातात धरून तसाच बसला. आपण काय केलं हे हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याला रडू कोसळलं. भीतीचं नव्हे. काकूंना आता काय सांगायचं, याचं. आवाज फोल्डरच्या दारापर्यंत येऊन उभा होता आणि त्याने आपल्या हाताने तो मारला होता.

आणि मग वरचा पंखा अचानक पिसाळल्यासारखा फिरायला लागला. ट्यूबलाईट पांढरीफटक झाली, इतकी की दुकानात डोळा उघडवेना, आणि फाडकन फुटली. वर झेरॉक्सवाला ओरडला. जिन्याखालून चर्रचर्र असा आवाज आला, जळक्या झेंडूचा वास सुटला, आणि सगळी इमारत अंधारली.

७

नंतर आलेल्या वायरमनने कपाळावर हात मारला. ओल्या माळेचं पाणी मेन स्विचच्या जुनाट सांध्यात उतरलं होतं, सांधा जळून न्यूट्रल तुटला आणि दुकानांत दुपटीच्या जवळपास वीज घुसली. झेरॉक्सवाल्याचं मशीन, गिरणीवाल्याचा टीव्ही, जे जे चालू होतं ते ते जळलं. माणसं सगळी धडधाकट होती, हे नशीब. दौलतराव बिचारे कोपऱ्यात तोंड लपवून उभे होते. पण ज्योतीरामचा कॉम्प्युटर बंद होता हे कळताच त्यांना जरा तरतरी आली.

"बघ, ऐकलंस न्हवं माजं!" ते म्हणाले.

"हो दौलतराव, तुमचंच ऐकलं," ज्योतीराम म्हणाला. दुसरं काय सांगणार होता?

दसरा उलटला, वीज आली. तरी आणखी एक दिवस तो त्या डिस्कला हात लावायला धजावला नाही. शेवटी सकाळच्या उजेडात, शटर पूर्ण वर करून, त्याने ती जोडली. पिन लावायच्या आधी रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून म्हणाला, "काका, आता करू ना सुरू?" गल्लीतून जाणाऱ्या एका बाईने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. स्टूल मात्र नुसतं स्टूल होतं. डिस्क एका दमात फिरली आणि दुपारी जेवायच्या आत शेवटची फाईल उतरली. ज्योतीरामच्या छातीवरचा दगड उतरला. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि दुकानातच आडवा होऊन घोरला.

संध्याकाळी तो जुना लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन राजहंसांकडे गेला. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. काका समोरच्या खुर्चीत, ताठ. ज्योतीरामने पहिली फाईल लावली.

आवाज खोलीत आला. तोच चढा, करडा आवाज. पण इथे तो चिडलेला नव्हता. भोसरीत नोकरीला लागल्या दिवसाची हकीकत सांगत होता, साहेबाने नाव विचारलं आणि आपण घाबरून गावाचं नाव सांगितलं, ती. मध्येच स्वतःशीच हसत होता.

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पाटीवर लिहिलं: 'हा मी नव्हे.'

ज्योतीरामने चमकून स्पीकरकडे पाहिलं. मग तो हसला. "काका, स्वतःचा आवाज बाहेरून कुणालाच स्वतःचा वाटत नाही. मला माझा फोनवरचा ऐकवत नाही. काकूंना विचारा की."

काकूंना विचारायची गरज नव्हती. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. काका थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटाने पाटी पुसून टाकली.

हकीकत चालली होती. साहेबाचं नाव आठवेना म्हणून आवाज थांबला, खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं, आणि मग तो माईकपासून तोंड वळवून, घरातल्या घरात बोलतो तसा म्हणाला, "शैला, जरा चहा टाकतेस का?"

"टाकते," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेल्यावर त्या थबकल्या. मागे वळून त्यांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पदर तोंडाशी गेला, आणि त्या रडता रडता हसायला लागल्या. काकांचे खांदे आवाज न करता गदगदत होते. त्यांनी ज्योतीरामकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग बायकोकडे, आणि तीन बोटं वर केली.

काकूंनी मान डोलावली आणि आत जाऊन गॅस पेटवला.